मागच्या सीटवरचा आवाज

मध्यंतराच्या थोडं आधी ठकीने दोन्ही कानांवर हात ठेवले. पडद्यावर गाडी घाट चढत होती. मागच्या सीटवर तीन पोरं एकमेकांच्या उरावर बसली होती, बापाचा चष्मा धाकटीने नुकताच खिडकीबाहेर भिरकावला होता, आणि बाप डोळे बारीक करून रस्ता शोधत होता. ही जागा हसण्याची होती. लेखकाने ती हसण्यासाठी लिहिली होती, दिग्दर्शकाने हसण्यासाठी घेतली होती, आणि थिएटरात कोणी हसत नव्हतं. त्याचं कानसेनला काही वाटलं नाही. सिनेमा पडणार हे तो काम करतानाच ओळखून होता. मढ्याला दागिने घालायचं काम त्याने आयुष्यभर केलं होतं आणि त्यात कमीपणा आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पण नातीचे ते हात त्याच्या हिशेबात नव्हते. त्याने पुढे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने करंगळी कानात घातली होती. त्याच्या पलीकडे एका बाईने ओढणी डोक्यावरून घेऊन कानांपाशी गच्च धरली होती. कानसेनने मान किंचित कलती केली, डोळे मिटले, आणि कामावर असताना ऐकायचा तसं ऐकलं. गाडी होती, वारा होता, बापाचं वैतागणं होतं, आणि धाकटीचं हसत हसत किंचाळणं होतं, नीट, स्वच्छ, जिथे असायला हवं तिथे. टोचेल असं काहीच नव्हतं. त्याने डोळे उघडले तेव्हा ठकी त्याच्याकडेच बघत होती. "आजोबा, ती मुलगी टोचते," ती म्हणाली. हे त्याने ऐकलं की तिच्या ओठांवरून वाचलं, ते त्याला कळलं नाही. "कुठे टोचते?" तिने कानाच्या भोकात बोट घालून दाखवलं. "इथे. आत." तिच्या पलीकडे त्याची बायको बसली होती. तिचे हात मांडीवर होते, अगदी सरळ, फोटो काढायला बसल्यासारखे. पण डोळे मिटलेले होते आणि कपाळ आवळलेलं होतं. डोकं दुखायला लागलं की ती अशी दिसायची. तिने कानांवर हात घेतले नव्हते ते त्याच्यासाठी घेतले नव्हते, हे कळल्यावर त्याला फार दमल्यासारखं वाटलं.

कानसेन हे नाव त्याला तिशीतच चिकटलं होतं. गाता येत नसलं तरी ऐकता येणाऱ्याला जे गमतीने म्हणतात, तेच कोणीतरी एकदा त्याला म्हणालं, आणि पुढे खरं नाव चेकवर आणि दाराच्या पाटीवर तेवढं उरलं. सिनेमात माणसाचं बोलणं, गाडी, वारा, पावलं, सगळं वेगवेगळं येतं. एका काळोख्या खोलीत बसून ते एकत्र करायचं, काय वर काढायचं आणि काय खाली दाबायचं ते ठरवायचं, हा त्याचा धंदा. चालत्या टॅक्सीत बसून तो ड्रायव्हरला सांगायचा, मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे, आणि ड्रायव्हर उतरून बघायचा आणि हवा कमी असायची. शेजाऱ्यांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्याला झोपू द्यायचं नाही. बायको पाहुण्यांना सांगायची, "लोकांच्या भिंतींना कान असतात, आमच्या घरात कानालाच भिंती आहेत." सगळे हसायचे, तोही हसायचा. पण घर खरोखरच त्याच्या कानाभोवती बेतलेलं होतं. खुर्च्यांच्या पायांना फडक्याचे बूट होते. दारं हाताने धरून लावायची असत. मुलं लहान असताना शाळेतून आल्यावर दप्तर टाकत नसत, ठेवत असत. बाबा ऐकतायत, एवढं एक वाक्य घरात पुरायचं.

पडद्यावरची गाडी आता दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती, आणि ते कण्हणं कानसेनच्या ओळखीचं होतं, कारण ती गाडी त्याची होती. शूटिंगच्या गाडीचा आवाज गुळगुळीत होता, अगदीच सुखवस्तू. दिग्दर्शकाला खटारा हवा होता. तेव्हा त्याने आपल्या कपाटातून जुनं रेकॉर्डिंग काढलं होतं. एकदाच, एकदाच तो बायकोला आणि दोन्ही मुलांना घेऊन गाडीने समुद्रावर गेला होता. भाड्याची गाडी अशी काही छान कुरकुरत होती की ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या बसल्या त्याने रेकॉर्डर काढून मांडीवर घेतला. मागे मुलगा आणि मुलगी. मुलाने मुलीला कोपर मारलं, मुलगी ओरडली, आणि त्याने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. "श्श! रेकॉर्डिंग चालू आहे." मग घाट संपेपर्यंत मुलं गप्प बसली. बायको खिडकीबाहेर बघत गप्प बसली. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हाही कोणी ओरडलं नाही, कारण उतारावर गाडी आणखी छान कुरकुरत होती. आता ठकीची आई झालेली त्याची लेक अजून जेवताना ते सांगते. "आमच्या ट्रिपचं रेकॉर्डिंग आहे बाबांकडे. फक्त आम्ही त्यात नाही." ती चिडून सांगत नाही, गंमत म्हणूनच सांगते. मुलगा परदेशातून फोन करतो तेव्हा हळू बोलतो, आणि पलीकडे त्याची पोरं दंगा करत असली तर त्यांना आधी दुसऱ्या खोलीत घालवून येतो. त्या गप्प बसलेल्या दोन पोरांच्या गाडीवर आता ही तीन पोरं नाचत होती. काम करताना कानसेनला याची थोडी मौज वाटली होती. आता थिएटरात, मध्यंतराचे दिवे लागताना, मौज वाटेना. लोक उठले आणि त्यातले बरेच जण परत आलेच नाहीत. ठकीने पॉपकॉर्नचा पुडा मागितला, तो तिने मिळवला, आणि उरलेला सिनेमा तिने पुड्यात तोंड घालून काढला.

घरी आल्यावर बायकोने चहा टाकला. ठकी बाहेरच्या खोलीत पडून चित्रं काढत होती. कानसेन स्वयंपाकघरात स्टुलावर बसला. एरवी तिथे तो बसत नसे, भांड्यांचा आवाज त्याला सहन व्हायचा नाही. "मशीन बिघडलंय त्या थिएटरचं," तो म्हणाला.  "स्पीकर जुने असतील." "असतील," ती म्हणाली. मग तिने गॅस बारीक केला आणि त्याच्याकडे न वळता विचारलं, "दाराची बेल का बदलली आपण, आठवतं?" त्याला आठवत होतं. बेल वाजत नव्हती. माणसं दार ठोठावत उभी राहायची आणि त्याला कळायचं नाही. "ती वाजत होती," बायको म्हणाली. "पाखरांची बेल होती ना ती, बारीक आवाजाची. मला आत न्हाणीघरात ऐकू यायची. तुम्ही म्हणालात बिघडली, म्हणून मी घंटेची आणली." कानसेनने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "आणि खिडकीत पाखरं येत नाहीत म्हणता ना हल्ली, शहरातली पाखरं गेली कुठे म्हणून सारखं विचारता. येतात हो. रोज सकाळी येतात. कलकलाट असतो नुसता." ती आता वळली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि दयाही नव्हती, ते बरं झालं. "मग सांगितलं का नाहीस?" "कोणाला?" ती म्हणाली. "कानसेनला?"

त्या रात्री तो नीट झोपला. झोप लागू नये असं काही ऐकूच येत नव्हतं, आणि शेजाऱ्यांच्या घड्याळाने त्याला कधीपासून छळलेलं नाही हे सकाळी दात घासताना त्याच्या लक्षात आलं. त्याला वाटलं होतं घड्याळ बंद पडलं असेल. माणूस किती गोष्टींबद्दल मनाची समजूत घालू शकतो, ते पाहून त्याला स्वतःचंच नवल वाटलं. सिनेमातली ती पोर, ती धाकटी, तिचा आवाज त्याने स्वतः घेतला होता. घोगरी होती. एवढीशी पोर आणि आवाज मात्र सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखा, ऐकणाऱ्याला लगेच लळा लागेल असा. रेकॉर्डिंगच्या खोलीत ती हेडफोन घालून बसली होती, हेडफोन तिच्या गालांपर्यंत उतरत होता, आणि तिने विचारलं होतं, "आजोबा, माझा आवाज कुठे जातो?" तो म्हणाला होता, "या डब्यात." "मग मला परत मिळतो?" "मिळतो की." मग पुढे काम करायला बसला तेव्हा तोच आवाज गोधडीतून बोलल्यासारखा यायला लागला. त्याने माइकला दोष दिला. मग वायरीला. मग स्टुडिओवाल्यांशी भांडून स्पीकर बदलून घेतले. नाचता येईना आणि अंगण वाकडं, हे त्याला सुचलंही नाही, कारण तो नाचणाऱ्यातला नव्हता, इतरांचं अंगण तपासणाऱ्यातला होता. पोरांच्या आवाजातले वरचे, बारीक सूर तो वाढवत गेला. थोडा, आणखी थोडा, गोधडी बाजूला होईपर्यंत. दिग्दर्शक एकदा मागच्या सोफ्यावरून तोंड वाकडं करून म्हणाला होता, "दादा, जरा टोचतंय का हो? की माझंच डोकं दुखतंय?" "तुमचं डोकं दुखतंय," कानसेन म्हणाला होता. दिग्दर्शक हसला. "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच." मग त्याने डोकेदुखीची गोळी मागवली आणि घेतली. पुन्हा कोणी विचारलं नाही. कानसेनने हो म्हटलेला आवाज तपासायचा म्हणजे सोन्याच्या दुकानात सोनाराला तराजू दाखवण्यासारखं होतं.

दिग्दर्शकाचा फोन दोन-तीन दिवसांनी आला. त्याचा आवाज बसला होता. "परीक्षणं वाचलीत ना दादा? कथेला कोणी फारसं बोललं नाही. सगळ्यांनी पोरांना धरलंय. कर्कश म्हणे. असली वांड पोरं घरात असतील तर माणूस प्रवासाला नाही, संन्यासाला जाईल, असं लिहिलंय एकाने." तो हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. "त्यातही ती धाकटी. तिनेच घात केला. निवडताना मला कसं कळलं नाही हो? टीव्हीवाल्यांनी अट घातलीय, सिनेमा दाखवायचा तर तिचा आवाज बदला. एका बाई आहेत, लहान मुलांचा आवाज काढतात, गोड काढतात अगदी. पुढच्या आठवड्यात बसू या. तुम्हीच करा." कानसेन म्हणाला, "बघू." त्याने फोन ठेवला. त्याने काही करायची गरज नव्हती. त्याचं वय झालं होतं, हे एवढं कानामागे टाकलं असतं तर पुढे आणखी दोन-चार कामं, मग एखादा सत्कार, शाल, आणि कानसेन निवृत्त झाले अशी बातमी. सिनेमा तर गेलाच होता. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. त्या गोड बाईने येऊन धाकटीच्या तोंडात गोड आवाज घातला असता तर कोणाचं काय बिघडणार होतं? हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि उत्तर येण्याआधी दिवा न लावता तसाच आडवा झाला.

उत्तर दुसऱ्या दिवशी फोनवरच आलं. धाकटीचा खरा बाप बोलत होता. कुठल्याशा कारखान्यात हिशेब बघायचा, शूटिंगच्या वेळी रजा टाकून पोरीबरोबर येऊन एका कोपऱ्यात डबा घेऊन बसायचा. "साहेब, त्रास देतोय. एकच विचारायचं होतं." मागे यंत्रं चालू असावीत, घरघर येत होती, ती कानसेनला छान ऐकू येत होती. "शाळेत तिला शिट्टी म्हणतात आता. मुलंच ती, म्हणणारच. पण आमची बोलेनाशी झालीय. हजेरीला हात वर करते नुसता. घरी खुणेनं पाणी मागते. आवाज बदलणार म्हणून सिनेमावाल्यांच्या ऑफिसातून कळवलं, ते तिने ऐकलं दाराआडून. मला कला-बिला कळत नाही साहेब. आम्हाला तर तिचा आवाज जाडाच वाटायचा, आजी तिला बेडकी म्हणायची. पण थिएटरात ऐकला तो तिचाच होता, दिसत तर तीच होती. तुम्ही एवढी वर्षं आवाजात काढलीत. तिचा आवाज खरंच तसा आहे का? तसा असेल तर मी तिला तसं समजावेन." कानसेनच्या जिभेवर उत्तर होतं. ते चार शब्दांचं होतं आणि ते त्याला बोलवलं नाही. तो घाबरला होता. "मी... बघून सांगतो," तो म्हणाला, आणि बाप आभार मानत राहिला, त्या आभारांनी त्याला अंग चोरून घ्यावंसं वाटलं.

सकाळी तो स्टुडिओत गेला. फरशी पुसणारी बाई नुकतीच गेली होती, जमीन अजून ओली होती. त्याने दार लावलं आणि यंत्रातून एक सूर सोडला, खालून वर चढत जाणारा, यंत्रं तपासण्यासाठी असतो तो. हजार वेळा त्याने स्पीकर या सुराने तपासले होते, स्वतःला कधीच नाही. सूर घुमत आला, शिट्टीसारखा झाला, तारेसारखा बारीक झाला, आणि एका जागी संपला. खोली गप्प झाली. त्याने समोर पाहिलं. मीटरचा काटा हलत होता. सूर चालू होता, वर वर चढत होता, खोलीभर होता, आणि त्याच्यासाठी खोलीत काही नव्हतं. त्याने तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवला. हातालाही काही कळेना. काटा मात्र इमानाने हलत होता. त्याने सूर पुन्हा खालून सोडला, आणि पुन्हा. दर वेळी तो त्याच जागी त्याला सोडून पुढे गेला. कानसेनला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आली ती लाज, आणि लाजेच्या मागून, कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच, थोडीशी विश्रांती. आता सगळं ऐकायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. मग ती गाडीतली दोन पोरं त्याला दिसली, ओठ मिटून मागे बसलेली. समुद्र दिसला तेव्हा लेकीने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते, हे त्याने तेव्हा पुढच्या आरशात पाहिलं होतं. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं की ती शहाण्यासारखी वागली.

त्याने तिथूनच दिग्दर्शकाला फोन केला. "पोरीचा आवाज बदलायचा नाही," तो म्हणाला. "आवाज तिचा चांगला आहे. मला वरचे बारीक सूर ऐकू येत नाहीत, म्हणून मी तो चढवून चढवून फोडला. तुमचं डोकं त्या दिवशी खरंच दुखत होतं." पलीकडे इतका वेळ शांतता राहिली की फोन कटला की आपल्याला ऐकू येत नाही, अशी त्याला शंका आली. "दादा," दिग्दर्शक शेवटी म्हणाला, "हे आणखी कोणाला बोललात?" "अजून नाही. तुम्ही बोला. टीव्हीवाल्यांना सांगा, लिहिणाऱ्यांना सांगा. माझं नाव घेऊन सांगा." "लोक काय म्हणतील कळतंय ना? पुढचं काम कोण देईल तुम्हाला?" "पुढचं दुसऱ्याला द्या. हे एवढं मला नीट करू द्या." "ऐकू येत नाही म्हणता, मग करणार कसं?" "कान आणतो," कानसेन म्हणाला.

ठकीच्या शाळेला सुट्टी होती. तिच्याखाली दोन उशा घालून त्याने तिला स्टुडिओतल्या आपल्या खुर्चीवर बसवलं, जिथे गेली कित्येक वर्षं दुसरं कोणी बसलेलं नव्हतं. बायको मागच्या सोफ्यावर विणकाम घेऊन बसली. "आजोबा, तोच सिनेमा?" ठकीने तोंड वाकडं केलं आणि सुरू व्हायच्या आधीच कान झाकले. "तू नुसतं सांग. टोचलं की टोचलं म्हण." घाट लागला, गाडी कण्हली, धाकटीने चष्मा ओढला. "टोचतंय!" त्याने वरच्या सुरांची पट्टी खाली घेतली, चित्र मागे नेलं, पुन्हा लावलं. "आता?" "टोचतंय." पुन्हा खाली. प्रत्येक वेळी धाकटी त्याच्यापासून लांब जात होती, गोधडी तिच्यावर एकेक घडी उलगडत होती, आणि त्याचा हात सवयीने वर जाऊ पाहत होता. त्याने तो हात दुसऱ्या हाताने धरला. "आता?"  ठकीची एक करंगळी कानावरून सुटली. मग तळहात. चष्मा खिडकीतून उडाला आणि ठकी हसली, खुर्चीत मागे पडून हसली. "आजी, ती बघ किती घोगरी आहे! बेडकासारखी!" बायकोच्या सुया थांबल्या होत्या. "छान आहे गं," ती म्हणाली. कानसेन यंत्रापाशी उभा होता. त्याला पोरीचे ओठ हलताना दिसत होते आणि आवाज म्हणावा असं फारच थोडं येत होतं. त्याने तेच कायम केलं.

मग त्याने धाकटीच्या बापाला फोन लावला. "तिचा आवाज तसा नाही," तो म्हणाला. "माझ्या कानात दोष आहे. चूक सगळी माझी, शाळेतही सांगा हवं तर. आवाज तिचाच राहतोय."  बाप म्हणाला, "साहेब, तिलाच सांगाल का? माझं ती ऐकत नाही." फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खसखस झाली.  मग पलीकडून काहीतरी आलं, कुजबुजल्यासारखं, शेवटी वर गेलेलं, म्हणजे प्रश्न असावा. कानसेनला त्यातला एकही शब्द कळला नाही. ठकीच्या फोनवर त्याला अलीकडे असंच व्हायचं, आणि तेव्हा तो हो हो म्हणून वेळ मारून नेई. आताही हो त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने बायकोकडे पाहिलं, ठकीकडे पाहिलं, आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"बाळा, मला नीट ऐकू येत नाही," तो म्हणाला. "जरा मोठ्याने बोल. आणखी मोठ्याने. ओरडलीस तरी चालेल."

पलीकडे पोरीने श्वास घेतला.